एकुलता एक चालत नाही

सेरंगमामूंनी उभ्या जन्मात एकदाही बास्केटमध्ये बॉल टाकला नव्हता, आणि आमच्या टीममध्ये कोण खेळणार हे तेच ठरवत. यात काही विपरीत आहे असं दुबईच्या खाडीवर माझ्याशिवाय कोणालाही वाटत नव्हतं.

त्या वेळी मोठ्या बोटी खाडीत शिरू शकत नसत. त्या बाहेर समुद्रात नांगर टाकून उभ्या राहायच्या आणि आमच्या कंपनीचे बार्ज त्यांच्यापर्यंत जाऊन सिमेंट, तांदूळ, लोखंडी पाइप, जे असेल ते उतरवून आणायचे. बार्जवरचे खलाशी झाडून सगळे रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान, कारण त्यांना आणलेलं सेरंगमामूंनी. सेरंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या. साहेबाला माणसं हवी झाली की तो सेरंगाला सांगणार, सेरंग गावी जाऊन माणसं निवडणार, आणि साहेब त्यांची तोंडं पहिल्यांदा धक्क्यावरच बघणार. दर्यावर पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं. पुढे साहेबाने गोदामामागे सिमेंटचं कोर्ट घातलं, कंपनीची बास्केटबॉल टीम काढली, तेव्हा टीमही त्याच रीतीने मामूंच्या हाती गेली. माणसं निवडायचीत ना? मग सेरंगाला विचारा. खलास.

मी स्पष्ट लिहितो. मला ही रीत तेव्हाही पटत नव्हती, आजही पटत नाही. मी मुंबईच्या गोदीत संपाची पत्रकं लिहून शिकलेला माणूस. एका म्हाताऱ्याच्या मानेच्या होकारावर आख्ख्या गावाच्या चुली पेटाव्यात किंवा विझाव्यात, याला मी रीत म्हणत नाही, जुलूम म्हणतो. पण मामूंना जुलमी म्हणायला गेलो की लेखणी अडते. जुलमी माणूस स्वतःसाठी काहीतरी राखून ठेवतो. यांनी काहीच राखलं नव्हतं. माझी पंचाईत तिथेच होते.

बास्केटबॉल त्यांनी पाहिला होता तो दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, कुठल्याशा बंदरात, शेजारी लागलेल्या अमेरिकन जहाजाच्या डेकवर. तिथले खलाशी डोलकाठीला कडं बांधून खेळायचे. बॉल समुद्रात पडला की खेळ संपला. त्यामुळे मामूंच्या मते या खेळाचा पहिला नियम असा, की बॉल बाहेर जाता कामा नये. कड्यात टाकणं हे नंतरचं, आणि ते त्यांना जरासं चैनीचंच वाटे. एखाद्याने लांबून सुंदर बास्केट केली आणि सगळे ओरडले की मामू मान हलवून म्हणायचे, "गेला असता पाण्यात."

गळ्यात सेरंगाची शिटी. जहाजावर या शिटीवर दोर ओढतात, दोर सोडतात. लांब सूर म्हणजे मागे हटा, दोन तुटक सूर म्हणजे चढा. आमची पोरं बार्जवर दिवसभर तेच सूर ऐकून काम करायची आणि संध्याकाळी त्याच सुरांवर खेळायची. शारजाच्या विमानतळावरच्या गोऱ्यांची टीम एकदा खेळायला आली, तेव्हा पंचाची शिटी कुठली आणि मामूंची कुठली हे त्यांना कळेना. सारखे थांबायचे बिचारे. त्यांच्या कॅप्टनने तक्रार केली. साहेबाने मामूंना नम्रपणे कोर्टापासून दूर जायला सांगितलं. मामू गेले, आणि गोदामाच्या छपरावर चढून तिथून वाजवू लागले. आम्ही जिंकलो. गोरे हात न मिळवता गेले.

पोरांना अनवाणी खेळायला लावायचे. बूट घातलेला माणूस डेकवर घसरतो, हे कारण. डेक कुठाय मामू, हे सिमेंट आहे, भाजतं पायाला, असं मी म्हटलं तर म्हणायचे, "भाजलं की उचलतो पाय. उचलाया नको?"

नावाने कोणाला हाक नाही. प्रत्येकाला त्याच्या गावाची हाक. "ए दाभोळ, डावीकडं!" "ए बाणकोट, झोपलास काय?" आमचा कॅप्टन डिसूझा गोव्याचा, उतरलेल्या मालाची मोजणी ठेवणारा टॅली क्लार्क, त्याला "म्हापसा". मी कुलाबा जिल्ह्यातला, गोदामातला कारकून, पण मला माझ्या गावाची हाक कधी मिळाली नाही. मला ते "पत्रक" म्हणायचे. त्याचं कारण असं, की आल्या आल्या मी मेसच्या भिंतीवर एक पत्रक लावलं होतं. बोटीवर माल उतरवताना खलाशांच्या डोक्यावर ताडपत्रीची सावली हवी, आणि ती मागणं ही भीक नसून हक्क आहे, असा मजकूर. दुसऱ्या दिवशी पत्रक गायब. कोर्टावर गुणलेखकाचं टेबल एका पायाने डुगडुगायचं, ते डुगडुगायचं थांबलं होतं. वाकून बघितलं तर पायाखाली माझं पत्रक, व्यवस्थित घडी घातलेलं.

"मामू, हा काय प्रकार?"

"कागद जाड होता. चांगला होता."

"त्यावर काय लिहिलं होतं ते तरी वाचायचंत!"

"वाचून घेतलं म्हापशाकडून. सावली पायजे. मग?"

मग त्या आठवड्यात ताडपत्री आली. साहेबाशी ते काय बोलले कोणाला कळलं नाही. खलाशांनी मात्र मामूंचे आभार मानले. माझा हक्क पुन्हा भीकच झाला, कोणी हात पसरला नव्हता एवढंच. मला याचा आजही संताप येतो.

आता मूळ गोष्टीकडे.

एका हिवाळ्यात साहेबाने सांगितलं, टॅली क्लार्कची एक जागा रिकामी आहे. कॉलेजात बास्केटबॉल खेळणारा एखादा चांगला मुलगा आणा, जागेबरोबर इथे येण्याचा परवानाही मिळेल. एकच जागा, एकच परवाना. देशात बी.ए. झालेली पोरं नोकरीसाठी वणवण करत होती, त्या दिवसांत. मेसमध्ये भाताच्या थाळ्या बाजूला राहिल्या आणि वाद पेटला.

डिसूझाने आपला माणूस आधीच ठरवला होता. मुंबईच्या एका कॉलेजातला फ्रान्सिस, वसईचा. "हाइट, मॅन, हाइट! पास करायला मी शिकवीन, पळायला मी शिकवीन. हाइट कोण शिकवणार? तुझा बाप?"

मी म्हटलं, "ताडाचं झाडही उंच असतं डिसूझा. त्याला घेतोस का टीममध्ये? रत्नागिरीचा इक्बाल बघ. मागच्या रजेत मी पाहिलाय. बॉल त्याच्या हातात असतो तेव्हा समोरच्या पाचांना कळत नाही कुठे बघायचं."

"रत्नागिरीत समोरचे पाच कोण? खाटीक, न्हावी आणि मास्तर!"

"तोंड सांभाळ."

"सांभाळतो. पण किती उंच आहे ते सांग आधी."

मी सांगितलं नाही, कारण इक्बाल फारसा उंच नव्हता. खलाशी सगळे इक्बालच्या बाजूचे. "इक्बालच पायजे, आपला हाय तो." हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, पण मी उठून उभा राहिलो आणि सुनावलं, की आपला म्हणून नको, गुण आहे म्हणून हवा, उद्या परका गुणी असेल तर त्याच्यासाठीही मी भांडेन. दाभोळ म्हणाला, "बरं बाबा, गुणी आपला." सगळे हसले.

मामू कोपऱ्यात, समुद्राकडे तोंड करून जेवत होते. पाठ ते समुद्राकडे कधीच करत नसत. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "जेवतात कसे?"

"कोण?"

"दोघं पोरं. मासा खाताना बघितलंय कोणी?"

कोणी बघितलं नव्हतं. मामूंची निवडायची रीत ही अशी. माणूस बार्जवर घ्यायचा असला की त्याच्या घरी जायचं, आणि त्याच्या समोर भिंग ठेवायला लावायचं. भिंग हा मासा म्हणजे काट्यांचं गाठोडंच. जो घाईघाईत खातो तो दोरात हात अडकवून घेणार. जो काट्यांना भिऊन अर्धा मासा टाकतो तो कामही अर्धंच करणार. जो बोलत बोलत, न बघता, काटे ओठाच्या कडेने काढत सगळा मासा संपवतो, तो मामूंचा माणूस. डिसूझा कपाळावर हात मारून म्हणाला, "गॉड! हे बास्केटबॉलचं सिलेक्शन आहे!" मामू म्हणाले, "तेच करतोय."

योगायोगाने मामूंची आणि माझी रजा एकत्र आली. डेकवर सतरंजी टाकून आम्ही मुंबईला गेलो. फ्रान्सिसचा खेळ बघितला. खरं लिहायचं तर चांगला होता. उंच, शांत, मेहनती. वसईला त्याच्या घरी जेवलो. मासा त्याने नीट खाल्ला, पण ताटाकडे बघत. मामूंनी विचारलं, भाऊ किती? घर भावांनी भरलेलं होतं. आम्ही बसलो होतो तेवढ्या वेळात एकेक येऊन सलाम करून गेला. मामूंनी मान डोलावली.

मग रत्नागिरी. जांभ्याच्या लाल मातीवरचं कोर्ट, एका कड्याला जाळी नाही. इक्बाल त्या दिवशी जे खेळला ते मला लिहून दाखवता येणार नाही. एवढंच सांगतो, की मामूंचा हात आपोआप शिटीकडे गेला आणि शिटी न वाजवताच परत खाली आला. त्या पोराला मागे हट, चढ, सोड असं सांगायची गरजच नव्हती. बॉल एकदाही बाहेर गेला नाही.

"मामू?"

"बघतोय मी. गप."

इक्बालचं घर खाडीकाठच्या गावात. बाप तापाने वारला होता. आई दुसऱ्यांचं भात सडून त्याला शिकवत होती. इक्बालचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि पुढे काय हा प्रश्न त्या घरात बसायच्या पाटासारखा समोर मांडलेला. ही जागा मिळाली नाही तर मुंबईला जाऊन हॉटेलात बशा धुणार, असं त्याने मला वाटेत हसत हसत सांगितलं होतं.

आईने भिंगाचं कालवण केलं होतं. इक्बालने माझ्याशी बोलत बोलत, माझ्याकडे बघत, अख्खा मासा संपवला. ताटाच्या कडेला काट्यांची बारीक ओळ. मामूंनी ती ओळ पाहिली आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. भूक म्हणा. कारागिराला चांगलं लाकूड दिसलं की होते तशी.

"बाय," त्यांनी आईला विचारलं, "ह्याच्या मागं कोण?"

"कोण नाय मामू. ह्यो एकलाच."

"आधीचं? एखादी मुलगी?"

"एकलाच दिला अल्लानं."

मामूंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. टोपी सारखी केली. "मग नाय जमणार, बाय. एकुलता एक चालत नाय."

इक्बाल दारात हात धूत होता. तो तसाच ओल्या हातांनी उभा राहिला.

आईला आधी कळलंच नाही. मग ती पुढे आली. "न्या मामू. मी सांगतेय न्यायला. मी आई हाय त्याची. हितं काय हाय? माझं मी बघीन."

"तू सांगशील गं. पण चालत नाय."

खाडीकाठच्या सगळ्या सेरंगांचा हा नियम. घरातला एकुलता एक मुलगा पाण्यावर न्यायचा नाही. कोणी केला, कधी केला, विचारू नका. कोणालाच माहीत नाही. पण मोडलेला कोणी पाहिला नाही.

खाडी ओलांडणाऱ्या तरीकडे परत येताना मी मामूंना सोडलं नाही. "अहो, हे जहाज नाही! क्लार्कची खुर्ची आहे. वर पंखा आहे. कशात बुडणार आहे तो, शाईत?"

"पाणी ओलांडलं की जहाजच."

"त्याचा बाप पाण्यावर गेला नव्हता. जमिनीवर मेला, घरात, अंथरुणावर! नियमाने काय वाचवलं?"

मामू चालत राहिले.

"तुम्हाला तो हवा होता. मी बघितलंय तुमचं तोंड."

"हवा होता," ते म्हणाले. "लई हवा होता." आणि तरीत जाऊन बसले.

फ्रान्सिस आला. मी त्याच्याविरुद्ध एक शब्द लिहिणार नाही. माणूस सज्जन होता, त्याने काम केलं, त्या हिवाळ्यात आम्हाला सामने जिंकून दिले. डिसूझा मला रोज टोचायचा, "काय रे पत्रक, ताडाचं झाड कसं वाटतंय?" मी मेसमध्ये नवं पत्रक लावलं: एका खुर्चीसाठी आईची मुलं मोजू नका. मामूंनी ते डिसूझाकडून दोनदा वाचून घेतलं. या वेळी काढलं नाही. म्हणाले, "राहू दे. खरं हाय त्याचं." आणि काहीही बदललं नाही! खरं आहे म्हणायचं आणि तसंच वागायचं. अशा माणसाशी लढायचं कसं, हे मला गोदीत कोणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या थंडीत, सराव चालू असताना, पूर्वेकडच्या किनाऱ्यावर माल नेणारा एक ड्रायव्हर कोर्टावर आला. खोर फक्कानला लाँचमधून काही पोरं उतरली आहेत, म्हणाला. उतरली म्हणजे उतरवली. परवाना नसलेल्यांना लाँचवाले देशाच्या किनाऱ्यावरून भरून आणायचे आणि इकडच्या किनाऱ्यापासून लांबच पाण्यात सोडायचे. तो बघा दुबईचा दिवा, पोहा. तो दिवा दुबईचा नसायचाच. "त्यात एक कोकणी आहे," ड्रायव्हर म्हणाला. "सेरंगमामू सेरंगमामू करतोय."

मामू तसेच, अनवाणी, त्याच्या गाडीत चढले. मी मागे चढलो. तिकडे रस्ता नव्हता. डोंगरातल्या कोरड्या नदीच्या पात्रातून, दगडांवरून गाडी जायची. मला बोलायचं होतं ते सगळं मी आधीच पत्रकात लिहिलं होतं.

खजुराच्या झावळ्यांच्या झोपडीत, एका कोळ्याच्या घरी, इक्बाल पडला होता. पोरांनी अंधारात खडकांवर उडी मारली, मग दगडगोट्यांतून डोंगराकडे चालत सुटले. दोन्ही तळपाय फाटलेले. उजवा सुजून काळानिळा. घरच्या बाईने त्यावर कसलासा पाला बांधला होता. आम्हाला बघून तो कोपरांवर उठला आणि हसला.

"मामू, वळख हाय ना?"

"हाय."

"तुम्ही न्यायचा नाय म्हणालात. तुम्ही नेलाच नाय. मी माझा आलो." त्याने हे वाटेत घोकून ठेवलं असावं. "आता मी पाण्याच्या ह्या अंगाला हाय मामू. आता तर नियम नाय ना आड येत? आता घ्या."

मीही म्हटलं, "मामू, साहेबाला सांगा. परवाना इथून होईल. तुमचा शब्द साहेब मोडत नाही."

मामू पायाशी बसून पाला सोडवत होते. "आईनं सोडला कसा?"

"आईनंच लाँचवर बसवला. ती म्हणाली, मामू बघून घेतील."

मामूंचा हात थांबला. मग म्हणाले, "आधी पाय बरा होऊ दे."

मी तो होकार समजलो. इक्बालही तेच समजला. आम्ही त्याला दुबईला आणला, मामूंच्या खोलीत ठेवला. मामू स्वतः त्याचे पाय धुवायचे, मलम लावायचे, भात भरवल्यासारखं समोर बसून जेवू घालायचे. इक्बाल काठी घेऊन कोर्टाच्या कडेला येऊन बसायचा. एकदा बसल्या बसल्या त्याने बॉल मागितला आणि बसूनच कड्यात टाकला. सगळे ओरडले. मामूंनी "गेला असता पाण्यात" म्हटलं नाही. ते दुसरीकडे बघत होते.

काठी सुटली त्या दिवशी मामूंनी त्याचं गाठोडं बांधलं आणि त्याला पोलीस चौकीवर नेलं. हा पोरगा परवान्याशिवाय आलाय, याला याच्या घरी पाठवा. स्वतः सांगितलं! परतीच्या बोटीची व्यवस्था होईपर्यंत चौकीबाहेर बसून राहिले. मला दाभोळने येऊन सांगितलं तेव्हा मी धक्क्यावर धावलो. बोटीकडे जाणाऱ्या होडीत इक्बाल बसला होता. मामू काठावर.

"मी परत येईन मामू," इक्बाल म्हणाला. रागाने नाही. हिशेब सांगावा तसं.

"नको येऊ."

"मग तुम्ही घ्या."

"चालत नाय रे पोरा."

होडी सुटली. मी मामूंचा दंड धरला. त्यांच्या वयाचं भान मला राहिलं नव्हतं. "तुम्ही त्याला पोलिसांत दिलंत!"

"त्याच्या आईला दिला."

"आईला तो इथे हवा होता! तिने तुमच्यावर भरवसा ठेवून पाठवला होता. तुमच्या नियमाला त्या बाईचा आवाज ऐकू येत नाही?"

"येतो," मामू म्हणाले. "मना रोज येतो." मग माझा हात त्यांनी हळूच काढला आणि बार्जवर गेले, कारण बोटीवरून तांदूळ उतरवायचा होता.

काही लोक मला सांगतात की मामू बरोबर होते. मी त्यांना विचारतो: बरोबर म्हणजे काय? पोराच्या हातात गुण होता. जागा होती, परवाना मिळू शकत होता, आईची परवानगी होती. समोरचं दार बंद केलंत म्हणजे माणूस घरी बसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी भुकेचं घर बघितलेलं नाही. तो खिडकीतून येतो. आणि खिडकी म्हणजे लाँच.

पावसाळा संपल्यावर लाँच पुन्हा सुरू झाल्या. बाणकोटकडचा एक मुलगा त्यातल्या एका लाँचमधून उतरून, लपत छपत उम्म अल कुवैनच्या किनाऱ्याने आमच्यापर्यंत पोचला. जेवताना त्याने विचारलं, इक्बाल कुठे आहे? आमची लाँच निघाली त्याच्या आदल्या दिवशी तो दुसऱ्या लाँचने निघाला. आमच्या आधी पोचायला हवा.

मामूंनी खोर फक्कानला माणूस पाठवला. मग स्वतः गेले. किनाऱ्यावरच्या एकेका कोळीवाड्यात विचारत वर गेले, खाली आले. ती लाँच कोणी पाहिली नव्हती. तिच्यातला एकही माणूस कुठल्याही किनाऱ्याला लागला नव्हता. ना जिवंत, ना मेलेला. लाँचवालाही नाही.

परत आल्यावर मामूंनी साहेबाकडे जाऊन काम सोडलं. साहेबाने समजावलं, डिसूझाने समजावलं. मी समजावायला गेलो नाही. मला तेव्हा त्यांची दया आली असेल, पण दया आणि माफी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी त्यांना माफ केलेलं नाही.

खाडीकाठी आणखी एक रीत आहे. माणूस पाण्यावर दगावला की त्याच्या घरी निरोप न्यायचा तो ज्याने त्याला नेलं त्याने. कंपनीची तार सेरंगाला येते, घरी येत नाही. सेरंग दारात उभा राहिला, टोपी हातात धरली, की घरातल्यांना कळतं. मगच रडायचं, मगच फातिहा. इक्बालला नेणारा कोणी सेरंग नव्हता. ज्या लाँचवाल्याने नेलं त्याच्याही घरी कोणी निरोप घेऊन जाणार नव्हतं. म्हणून मामू निघाले.

दाभोळ रजेवर होता, तो त्यांच्याबरोबर गेला. त्याच्याकडून मला हे कळलं. आई अंगणात भात सडत होती. मामू कुंपणाशी उभे राहिले आणि त्यांनी टोपी हातात घेतली.

बाईने मुसळ थांबवलं. त्यांच्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं.

"तुम्ही कशाला आलात मामू?" ती म्हणाली. "तुम्ही तर त्याला नेलाच नव्हता."



"टोपी घाला," ती म्हणाली. "ज्यानं नेला तो येऊन सांगेल. तोवर माझा पोरगा वाटंवर हाय."

आणि तिने मुसळ पुन्हा उचललं. दाभोळ सांगतो, मामूंनी मग टोपी डोक्यावर घातली, "इन्शाल्ला, बाय," म्हणाले, आणि परत फिरले.